खोडात अडकली शेठची करवत

मणीबा नसत्या तर दाजींची नोकरी गेली असती आणि माझं सुरतेतलं बिऱ्हाड त्याच दिवशी शिरपूरच्या एसटीत बसलं असतं. (बिऱ्हाड म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि मी.)

पर्वत पाटियाजवळच्या आमच्या चाळीपुढे शिरीषाचं भलंमोठं खोड पडलं होतं. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, लाकडाच्या वखारीत कामाला. शेठ बारडोलीला गेलेले बघून दाजींनी त्यांची नवीकोरी इंजिनाची करवत न विचारताच घरी आणली. संध्याकाळी शेठ परतायच्या आत ती जागेवर हवी!

सातवीत शाळा सोडून लूमवर लागलेल्या मला एकच शास्त्र ठाऊक होतं: कापड दोन्ही टोकांनी ताणलं की कात्री सरळ चालते. म्हणून मी खोडाची दोन्ही टोकं विटांवर चढवली, मधला भाग अधांतरी.

"पक्कं ना रे शालक?" दाजी.

"एकदम ताणलंय!"

करवत गरजली. भुशाचं कारंजं उडालं! निम्म्यात गेली, घुर्रर्र केलं आणि गप्प. पातं चिमट्यात सापडल्यासारखं!

"आते काय करानं?" दाजींना घाम फुटला.

मी सुचवलं, "खोड दाबून धरू, करवत वर ओढू." कापाच्या दोन्ही बाजूंना चाळीतले दोन सर्वांत वजनदार गृहस्थ बसवले. पातं आणखी आवळलं! तिसऱ्याला बोलवायला मी निघालोच होतो.

"पहेलां ए बेउने उठाड, डोबा!"

नाक्यावर जळाऊ लाकूड विकणाऱ्या सत्तरीच्या मणीबा. ते दोघे ताडकन उठले.

"वजन मध्ये खचतं, दीकरा. मग कापाचं तोंड मिटणारच ने!"

त्यांनी टेम्पोचा जॅक मागवून कापाजवळ खोडाखाली लावला, खोड हळूहळू उचललं आणि वरून कापात लाकडी पाचर ठोकली. ठक. ठक. एवढं आडदांड खोड, पण बाईंपुढे मुकाट जांभई दिल्यासारखं उघडलं! दाजींनी करवत अलगद काढली, तेव्हा मी नकळत हात जोडून उभा होतो.

"असं अधांतरी असलं की वरून थोडं, बाकी खालून कापायचं," बा म्हणाल्या आणि विडी पेटवायला वळल्या.

करवत शेठच्या आधी वखारीत पोचली. मणीबांचे हे उपकार मी कधी ना कधी फेडणारच. तसं त्यांना सांगूनही आलो. त्यांनी एकच अट घातली: लाकूड फोडून नको!