फोटोपुरतं उभं पीक

बेंबळीच्या आमच्या रानातल्या एका लहानशा तुकड्यात कॅनोला आला तो संशोधनाच्या नावाखाली. मोहरीचीच एक जात, पण तेल उग्र नसतं, असं संशोधन केंद्राच्या साहेबांनी आईला समजावलं. काढणीच्या वेळी शेंगा फुटून दाणे मातीत जातात; तसं न होणारं वाण म्हणे त्यांनी तयार केलं होतं. आईनं त्यातलं एवढंच मनात धरलं, की पीक चांगलं आलं तर पुढच्या वर्षी बियाणं तिला मिळणार. चुलते बांधावरून डिवचायचे, "वहिनी, आता जेवायला नुसती फोडणीच का?" ती म्हणायची, "भावजी, पुढल्या साली सगळं रान पिवळं करून दावते."

पीक खरंच झकास आलं. शेंगा पिकल्या, वाळल्या. पण कापायची परवानगी नव्हती, कारण शिवारफेरीला मोठे पाहुणे यायचे होते आणि पाहुण्यांना सवड नव्हती. आई फोनवर ओरडायची, "साहेब, शेंगा तडकाय लागल्यात, अजून किती थांबायचं?" साहेब म्हणायचे, "हे वाण तडकत नाही, मावशी." आमच्या पायाखाली दाणे पडत होते आणि हा माणूस वाणाचे गुण गात होता! शेवटी एका पहाटे, दवानं शेंगा नरम होत्या तोवर, आईनं मला हाताशी घेऊन सगळं कापलं आणि ताडपत्रीवर ढीग घातला.

दुसऱ्याच दिवशी खुर्च्या, हारतुरे घेऊन लवाजमा हजर. रिकामं रान बघून साहेबांचं तोंड उतरलं. तोड काढली माझ्या थोरल्या भावानं. अशा कामात त्याचं डोकं फार चालतं. त्यानं ढिगातली झाडं उचलली आणि पुन्हा मातीत खोचून उभी केली. साहेबही बाह्या सरसावून मदतीला धावले. खोचताना शेंगा फुटल्या. मग पाहुणे फोटोसाठी त्यात शिरले, तेव्हा उरल्यासुरल्या फुटल्या. काढणीतलं नुकसान कसं टाळावं, यावर लांबलचक भाषण झालं. आईला शाल मिळाली, भाऊ फोटोत मिरवला.

नंतर जे काही हाती उरलं, त्याची मळणी होऊन वजन झालं. काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. उतारा फारच कमी आला, हे वाण तुमच्या भागाला योग्य नाही, तेव्हा बियाणं देता येणार नाही. मी म्हटलं, "उतारा तुमच्या बुटांखाली गेला, साहेब!" त्यांनी फोन ठेवून दिला.

रब्बीची पेरणी जवळ आली तशी मी आईला म्हणाले, आपण दुसरीकडून बी मिळवू आणि पेरू. ती ज्वारीचं बी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी तपासून सांगितलंय की. आपल्या रानाला न्हाय मानवत ते."

शेंगांनी लगडलेलं रान स्वतः कापलेली बाई हे बोलत होती. त्या साहेबांचा एवढा राग मला शिवारफेरीच्या दिवशीही आला नव्हता.