टपावरचा पोचा

माझ्या दादाला सगळं गॅरेज 'दीड हात' म्हणतं. डाव्या हाताची मधली दोन बोटं मिटत नाहीत म्हणून. कुणी विचारलंच तर तो हसून सांगतो, "लहानपणी गाडीचं दार चावलं." बेचाळीस वर्षं हा एकच विनोद चाललाय. तो ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण दार कुणी लावलं ते मी पाहिलंय.

दादा डेंटर. पत्र्याला पडलेले पोचे ठोकून काढतो. मी त्याच शेडमध्ये सीटची कव्हरं शिवते, आणि आमचा धाकटा रंग मारतो. धाकट्याला आम्ही लांब्या म्हणतो. एक तर तो ताडमाड उंच, आणि दुसरं म्हणजे रंगाआधी पत्र्यावर जो मसाला थापून खड्डे बुजवतात त्यालाच लांबी म्हणतात. दादाला लांबीचा राग. "ठोकून सरळ करता येत नाही तो माणूस लांबी भरतो," असं तो म्हणणार आणि लांब्या पत्र्याची पट्टी त्याच्या अंगावर फेकणार, हे रोजचं.

राग आमच्या घरात पाण्यासारखा सगळ्यांना वाटून मिळालाय. एका गिऱ्हाइकाने गाडीत बसलेल्या आपल्या लेकराच्या मुस्काटात मारली, तर दादाने त्याला शटरवर असा आपटला की त्याचा खांदा निखळला. दुसऱ्या एकाचे दोन दात पडले. पोलीस आले, गेले. मीही काही साधी नाही, अंगचटीला आलेल्या एका पोराच्या मांडीत दाभण खुपसलेली आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. पण एवढा मारका माणूस गाडीचं दार मात्र कधी स्वतः लावत नाही. लावायची वेळ आली की हाक मारतो, "अगं, जरा दार लाव." मी हातातलं टाकून जाते आणि लावते.

हाच माणूस मागच्या हिवाळ्यात भंगारवाल्याकडून एक जुनी गाडी दोरीने ओढून घेऊन आला. दोन दारांची, गोल डोळ्यांची, एवढीशी. चाकं बसलेली, सीटवर उंदरांची घरटी. घासाघीसही केली नाही म्हणाला. मी नंबर वाचला आणि खाली बसले. बाबा ज्या डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते, त्या डॉक्टरांची गाडी होती ती.

लांब्याला तर स्वर्ग दोन बोटं उरला. "बाबांची गाडी! हिला नवी करू, दादा. मी याच स्टिअरिंगवर बाबांच्या मांडीत बसायचो." टाके घालता घालता मी दादाकडे पाहिलं. तो लोहचुंबक शोधत होता.

आता मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आईने बाबांचं घर सोडलं तेव्हा दादा आठ वर्षांचा, मी सहाची, लांब्या तीनचा. आम्हा दोघांना घेऊन आई निघाली, लांब्याला बाबांनी सोडलं नाही. बाबा गेल्यावर तो आमच्या शेडमध्ये आला, पण आईच्या दारात कधी गेला नाही. सव्वीस वर्षं आई माझ्या हाती त्याचा डबा पाठवते. सव्वीस वर्षं तो डबा न उघडता परत जातो. कारण त्याला एकच आठवतं. तो गाडीत मागच्या सीटवर झोपला होता, धाडकन आवाजाने उठला, आणि काचेतून त्याला दिसलं की आई बाबांवर गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल उगारून उभी आहे.

त्याआधीचं त्याला माहीत नाही. आणि आईने आम्हाला शपथ घातली होती. "पोर बापाजवळ राहतंय. त्याला बाप राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची." दादाची मूठ तर झाकतच नाही, पण तो गप्प राहिला. मीही राहिले, आणि त्याबद्दल मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही.

आठवडाभर दादा दुसऱ्या कामांना शिवला नाही. लोहचुंबक घेऊन सगळ्या पत्र्यावर फिरवायचा. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतं, लांबी असेल तिथे गळून पडतं. ड्रायव्हरच्या दाराच्या वर, टपाच्या कडेला चुंबक पडलं. त्याने तिथलं खरवडायला घेतलं. बोटभर लांबी निघाली, आणि खाली लांबट, खोल पोचा.

लांब्या पाहायला आला. "तोच," तो म्हणाला. "तिने बाबांचं डोकं फोडायला मारलं होतं. वाकले म्हणून वाचले. खुनशी बाई. हट, दादा, मी भरून टाकतो."

दादाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. उजव्या हाताने, सगळ्या अंगाचा जोर लावून. लांब्या रंगाच्या डब्यांवर पडला, उठला तो ओठातून रक्त गाळत आणि हातात पान्हा घेऊन. पान्हा दादाच्या बरगडीत बसला. ते आवाज मला अजून ऐकू येतात. दोघे मोठे बाप्ये, केस पिकलेले, एकमेकांचं नरडं धरून शेडभर लोळत होते. दादाने त्याचं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं. लांब्याने त्याच्या कानाला चावा घेतला. मी ओरडत होते, पण कोण ऐकतंय?

मग दादा अचानक सुटला, गाडीकडे गेला, ड्रायव्हरचं दार सताड उघडलं आणि डावा हात दाराच्या खांबाला लावून उभा राहिला. जिथे दार येऊन बसतं, अगदी तिथे.

"लाव दार."

"काय?"

"बापाचा लेक आहेस ना? लाव."

लांब्याच्या डोक्यात रक्त चढलं होतं. त्याने दाराला लाथ घातली. कव्हरासाठी काढलेली मागची सीट माझ्या हाताशी होती, स्प्रिंगांसकट. मी ती दारात कोंबली. दार स्प्रिंगांवर आपटून मागे आलं. दादाच्या हाताची साल निघाली, बोटं वाचली. तो हललासुद्धा नव्हता.

तेव्हा मी शपथ मोडली. "बाबांनी गाडी पुसून चमकवली होती. दादाने हात लावला, पंजा उमटला. बाबा म्हणाले, हात लावायला आवडतं ना, मग ठेव. त्याचा हात इथे धरला आणि दार लावलं. उघडलं, आणि पुन्हा लावलं. तू झोपला होतास, गाढवा. तू उठलास तो आईचं हँडल टपावर बसलं त्या आवाजाने."

लांब्या दादाच्या हाताकडे बघत राहिला. मग खांबाकडे. आत्ताच आपण काय केलं ते त्याला कळत होतं, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो कोपऱ्यात जाऊन ओकला. मग येऊन दादाच्या पायाशी बसला. दादाने त्याच्या डोक्यावर तोच सोललेला हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन आले. काही सांगितलं नव्हतं, फक्त चल म्हटलं. ती गाडीपाशी थांबली. पंचाहत्तरीची बाई, पण पोचा तिने लगेच ओळखला. तिथे बोट फिरवलं.

"चुकला होता नेम," ती म्हणाली.

डिकीत जुनं हँडल अजून होतं. लांब्याने ते काढून तिच्यासमोर धरलं. त्याचा ओठ सुजून एवढा झाला होता. बेचाळीस वर्षांत तिच्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य हे.

"आई, पुन्हा मार. या वेळी मी जागा आहे."

आईने हँडल हातात घेतलं, वजन पाहिलं. दादाच्या काळ्यानिळ्या तोंडाकडे पाहिलं, लांब्याच्या ओठाकडे, माझ्याकडे.

"आता कुणाला मारू रे? समोर सगळी माझीच उभी आहेत."

ते तिने खाली ठेवलं आणि पिशवीतून डबा काढला. लांब्याने तो उभ्याउभ्याच उघडला.

गाडीला चार महिने लागले. लांब्याने सात हात रंग दिला, आरशासारखा. टपावरचा पोचा तेवढा भरला नाही. गिऱ्हाइकं दाखवतात, "इथे राहिलं की." तो म्हणतो, "असू दे."

पहिल्या फेरीला आईला पुढे बसवलं. मी सवयीने दाराकडे निघाले, तर दादा आधीच तिथे होता. तो वाकला, तिचे दोन्ही हात मांडीत आहेत ना ते पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि दार लावलं.