एडक्याला आणि कोकराला एकच कातर

नवा माणूस भेटला की मामा आधी त्याची बाही चिमटीत धरायचे. अंगठ्याने कापड जरा चोळून बघायचे आणि मग नाव विचारायचे. कारखान्यात नवे मॅनेजर आले तेव्हा त्यांचीही बाही धरली. "लोकर दांडगी हाय," एवढंच म्हणाले. मॅनेजरसाहेबांना वाटलं शर्टाची तारीफ झाली. त्यांनी कुठल्या दुकानातून घेतला तेही सांगितलं.

शिरूरच्या पुढे, हायवेला लागून आमचा कारखाना. मामा तिथे ठेकेदाराकडे माल चढवायच्या-उतरवायच्या कामावर, आणि मी पगाराच्या टेबलावर. ठेकेदाराच्या माणसांचे पगारही माझ्याच हातून जायचे. मामा कवठे येमाईचे. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आणि मामांनीही ऐन तरुणपणी कातर चालवलेली. पुढे कळप विकला, डोक्यावर पटक्याऐवजी हेल्मेट आलं. सगळे त्यांना मामाच म्हणत.

पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतात. मामांच्या डोळ्यांत ते दोनशे खुपायचे. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, ह्याच्यात मोठ्या साहेबांचे किती कापता?"

"दोनशेच."

"गाडी केवढी त्यांची. आन् दोनशेच?"

"सगळ्यांना सारखेच, मामा. सरकारचा नियम आहे."

ते टेबलाची कड धरून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजी एडक्याला आन् कोकराला एकच कातर. मी असं भादरलं असतं तर बापानं मलाच भादरला असता. अंगावर जेवढी लोकर, तेवढी काढावी. कोकराला तर हातच लावू न्हाई. गारठ्यानं मरतं ते."

पुढे हे वाक्य कँटीनमध्ये रुळलं. पोरं मुद्दाम खोडी काढायची. "मामा, तुमची कातर मुंबईला नेऊन द्या की मंत्र्याला." मामा भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "देतो. एडका धरायला तू चल म्हंजी झालं. शिंगं बघितलीस का त्याची?" पोरं हसायची. दोनशे कापले जायचेच.

पीएफचं गणित मात्र त्यांना मीच समजावलं होतं. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर, चहा पिताना. ठेकेदार मूळ पगार थोडका दाखवतो आणि उरलेलं घरभाडं, धुलाई, प्रवास अशा भत्त्यांत टाकतो. पीएफ कापायचा तो मूळ पगारावर. मूळ पगार लहान, म्हणून कापलं जातं कमी, आणि मालकाला स्वतःच्या पदरचं घालावं लागतं तेही कमीच. कामगाराला हातात चार पैसे जास्त दिसतात, म्हातारपणी मात्र काही उरत नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि लगेच आपल्या भाषेत आणलं. "दोनशे जातात ती लोकर गेली ती गेली. पर ही लोकर आपल्याच घोंगड्याची. एक मूठ आपली, एक मूठ मालकाची. व्हय ना?" मी म्हटलं, अगदी बरोबर. इतकं सोपं मलाही सांगता आलं नव्हतं.

तेव्हापासून ते पगार विचारायचेच नाहीत. कुणाची नोकरी लागली, कुणाचा पगार वाढला, की मामांचा एकच प्रश्न, "हातात किती ते सोड. मागं किती पडतंय?"

पगाराच्या नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली तशी मामांनी उचल खाल्ली. निम्मा पगार तरी मूळ पगारात धरा, म्हणून माणसं गोळा केली. ठेकेदार मॅनेजरसाहेबांकडे आला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कामगारांची सभा घेऊ, तेच ठरवतील. तुम्ही फक्त हातात किती कमी येईल ते सांगायचं. बाकीचं कशाला? गोंधळ होतो लोकांचा."

सभा कँटीनमध्येच झाली. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की मूळ पगार वाढवला तर हातात दरमहा आठ-नऊशे रुपये कमी येतील. एकदम कालवा उठला. कुणाच्या मोटरसायकलचा हप्ता, कुणाची खोलीभाड्याची तारीख. एक जण म्हणाला, "मामा, तुमचं वय झालं म्हणून आमचं कशाला कापताय?"

मामा बिचकले नाहीत. माझ्याकडे हात करून म्हणाले, "मी अडाणी हाय. साहेब सांगतील. साहेब, आपलं जेवढं जातं तेवढंच मालकाला बी टाकावं लागतं का न्हाई? सांगा ह्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब भिंतीशी खुर्चीवर बसले होते. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याकडे होता.

मी म्हणालो, "ते नंतर बघू, मामा. आत्ता प्रश्न हातातल्या पैशाचा आहे."

खोटं मी काहीच बोललो नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण त्या एका वाक्यानंतर हात वर झाले, मामांच्या बाजूने मोजून चार. त्यांतला एक मामांचा. मामा खाली बसले. माझ्याकडे त्यांनी रागाने बघितलं नाही. बघितलंच नाही. त्यानंतर ते माझ्या टेबलाशी कधी आले नाहीत.

मला बढती मिळाली. मामा वयाने निवृत्त झाले. जमा झालेलं लेकीच्या घरावर पत्रे टाकण्यात संपलं. पेन्शन येते ती मामींच्या गोळ्यांना पुरत नाही, असं कुणाकुणाकडून कानावर यायचं. पुढे कायदाही आला. पण एकदा म्हातारा झालेल्या माणसाला कुठला कायदा पाठीमागची वर्षं भरून देत नाही. आणि ठेकेदारांनी पगार मांडायच्या नव्या तऱ्हा शोधल्याच. मलाच विचारून.

गेल्या उन्हाळ्यात केडगावला एका लग्नाला गेलो. मंगल कार्यालयाच्या फाटकात, गाड्यांसाठी लावलेली साखळी धरून मामा बसले होते. वॉचमनचा निळा शर्ट, खांद्यात सैल. मला बघून उठले. सवयीने माझी बाही चिमटीत धरली.

"लोकर चांगली आलीय, साहेब."

मग मी सगळं सांगून टाकलं. केबिनमधलं, बढतीचं, सगळं. उन्हात उभं राहून, घाईघाईने. मामांनी बाही सोडली नव्हती.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "तवाच कळलं." मग विचारलं, "एक ऱ्हायलं इचारायचं. तुमचं स्वतःचं? मागं किती पडतंय?"

हा प्रश्न त्यांनी साऱ्या कारखान्याला विचारला होता. मला कधीच नाही.

"माझा पीएफ पूर्ण पगारावर कापतात," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

"व्हय का." त्यांनी माझी बाही सोडली, सुरकुती पडली होती ती हाताने सारखी केली. "बरं झालं. कुणाचं तरी घोंगडं पुरं झालं."

मागे गाडीने हॉर्न दिला. मामा साखळी सोडायला गेले, आणि आत जाणाऱ्या गाडीला त्यांनी सलाम केला.