‘नाही’ म्हणायला शिकवणाऱ्या नलिनीताई

नलिनीताई सोहोनी यांची आणि माझी पहिली भेट मला अजिबात आवडली नव्हती. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये हे मलाही कळतं. पण मी इथे काही गुळमुळीत लिहिलं, तर अंक हातात पडताच त्या चष्मा लावून नेमकी ती ओळ शोधून काढतील, आणि मग फोनवर माझी शाळा घेतील. तेव्हा झालं तसंच सांगतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काही वर्षं हिशेब सांभाळून मी न्यू जर्सीला आलो होतो. इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या फिजिक्स विभागात अकाउंट्स असिस्टंट म्हणून नुकताच लागलो होतो, आणि खुर्ची गरम होते न होते तोच निरोप आला की आर्थिक व्यवहारांच्या ट्रेनिंगला हजर राहावं. माझं डोकंच फिरलं. मी एम.कॉम., तेही पहिल्या वर्गात. मला हे लोक हिशेब शिकवणार होते. कपाळाला आठ्या घालूनच मी त्या खोलीत जाऊन बसलो.

खोलीत बहुतेक बायकाच होत्या, निरनिराळ्या विभागांच्या सेक्रेटरी. शिकवायला उभ्या असलेल्या बाईंच्या अंगात करडा स्वेटर, पायात बर्फाचे बूट आणि गळ्यात मंगळसूत्र. आपलं माणूस दिसलं म्हणून मी जरा सैलावलो. आता डेबिट-क्रेडिट सुरू होणार असं धरून पेन काढलं. तर त्यांनी खुंटीवरचा कोट अंगात चढवला, दाराच्या चौकटीला खांदा टेकवला आणि थेट माझ्याकडे बघून अमेरिकन प्रोफेसराच्या ढंगात म्हणाल्या, “माझ्या ऑफिसात एक सोफा हवाय. ग्रँटमधून घेऊन टाक. मी निघालोय.” ग्रँट म्हणजे संशोधनासाठी सरकारकडून ठरावीक कामापुरती मिळालेली रक्कम. त्यातून सोफा घेता येत नाही एवढं मला समजत होतं. पण समोर प्रोफेसर, भले खोटा का असेना. मी म्हणालो, “आय विल सी, सर.”

नलिनीताईंनी कोट काढला आणि वर्गाला सांगितलं, “हे हो म्हणाले.”

मी म्हणालो, मी तसं म्हणालो नाही. त्या म्हणाल्या, सोफा निघाला, वाटेत आहे. बायका हसल्या. माझे कान तापले. कॉफीच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि पहिल्यांदाच मराठीत बोलल्या. “घाटे, तुम्ही मनात ‘बघू’ म्हणालात ना? आपल्याकडे ‘बघू’ म्हटलं की समोरचा समजतो आणि छत्री उचलून चालू लागतो. इथे ‘बघू’ म्हणजे हो. मी इथे आल्यावर वर्षभर ‘बघू’ म्हणत होते. लोक इतके खूश असायचे माझ्यावर.” मला रागही आला आणि बाईंनी बरोबर पकडलं हेही कळलं.

या ट्रेनिंगविषयी वाचकांना थोडं सांगायला हवं, कारण आपल्या मंडळातले बहुतेक लोक डॉक्टर आणि इंजिनिअर, त्यांना नलिनीताई म्हणजे गणपतीत नाटक बसवणाऱ्या आणि उकडीचे मोदक करणाऱ्या एवढंच ठाऊक आहे. पुण्याहून बी.कॉम. होऊन त्या पती श्रीधररावांबरोबर इथे आल्या. युनिव्हर्सिटीत टायपिस्ट म्हणून लागल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की विभागांमधल्या बायकांना नियमांचं जाडजूड पुस्तक दिलं जातं आणि वाऱ्यावर सोडलं जातं. पुस्तक पाठ असूनही चुका व्हायच्या. कारण चूक हिशेबात होतच नव्हती, ती दारात उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर नकार देता न आल्याने होत होती. हे त्यांनी वरिष्ठांना पटवलं आणि ट्रेनिंगचं काम स्वतःकडे मागून घेतलं. मागून घेतलेलं काम आहे हे, कुणी दिलेलं नाही.

त्यांच्या वर्गात नियम थोडे आणि तालीम फार. प्रोफेसर कधी खुर्चीत बसून मागत नाही, तो जाता जाता मागतो, हे त्यांचं निरीक्षण. म्हणून प्रत्येकीला उभं करून तालीम घ्यायच्या. ‘नाही’ म्हणा. सॉरी एकदाच म्हणा. ‘नाही’ म्हटल्यावर थांबा, गप्प राहा, ती शांतता भरून काढायला जाऊ नका, कारण माणूस त्या शांततेतच हो म्हणून बसतो. आणि मग दुसरा रस्ता दाखवा: या ग्रँटमधून होणार नाही, विभागाच्या खात्यातून होईल का ते उद्या सकाळी सांगते. नुसता नकार देणारा माणूस ऑफिसात कुणालाच नको असतो, असं त्या म्हणायच्या. आणि उद्या सकाळी म्हटलं की उद्या सकाळीच सांगायचं. या बाबतीत त्यांनी कुणाला, अगदी मलाही, कधी सवलत दिली नाही.

पुढे मी फिजिक्स सोडून त्यांच्याच ऑफिसात आलो. तोपर्यंत त्या मला मुकुंद म्हणू लागल्या होत्या आणि आमच्या घरी येणंजाणं सुरू झालं होतं. माझ्या बायकोला ड्रायव्हिंग मी शिकवत होतो, म्हणजे रविवारी गाडीत बसून आम्ही भांडत होतो. एकदा आम्ही दोघं तोंडं फुगवून त्यांच्या पार्सिपनीच्या घरी गेलो. कारण ऐकून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला, माझ्याकडून किल्ली घेतली आणि हिला घेऊन मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गेल्या. पुढे कित्येक रविवार हेच चाललं. ही पहिल्या फटक्यात टेस्ट पास झाली. ‘माझ्यावर त्या एकदाही ओरडल्या नाहीत’ हे वाक्य मला घरात आजही ऐकावं लागतं.

आता मुख्य प्रसंग. तो मी कुठे फारसा बोललेलो नाही.

मी त्यांच्या ऑफिसात आल्यानंतरच्या एका हिवाळ्यात सरकारी ऑडिटर आले होते. एका विभागात त्यांना असं आढळलं की प्रोफेसरांच्या ऑफिसातला नवा गालिचा संशोधनाच्या ग्रँटमधून घेतलेला आहे. रक्कम किरकोळ, पण सरकारी पैसा, तेव्हा कुणाला तरी जाब द्यावा लागणारच. प्रोफेसरांनी हात झटकले. कागदावर सही त्यांच्या सेक्रेटरीची होती. तिला इथे रोझमेरी म्हणतो. नवरा वारलेला, दोन शाळकरी मुलं, आणि विभागात येऊन तिला फार दिवसही झाले नव्हते. प्रोफेसरांनी लिहून दिलं की रोझमेरीला ट्रेनिंग मिळालेलं आहे, नियम माहीत असून तिने हे केलं. ट्रेनिंग मिळालं असेल तर तिची नोकरी जाणार, इतकं सरळ होतं. आणि आमच्या डायरेक्टरांनी तर आधीच वर कळवून टाकलं होतं की सगळ्या विभागांचं ट्रेनिंग पूर्ण झालं आहे.

झालं नव्हतं. त्या विभागाच्या वर्गाच्या दिवशी बर्फाने युनिव्हर्सिटी बंद होती. नंतर नलिनीताई नवी तारीख मागत राहिल्या आणि डायरेक्टर पुढे ढकलत राहिले.

डायरेक्टरांनी नलिनीताईंना बोलावलं. मदतनीस म्हणून मीही गेलो. तिथे कॉलेजचे डीन होते, युनिव्हर्सिटीचे एक वकील होते. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. डायरेक्टर हसतमुखाने म्हणाले, “नलिनी, एवढंच कन्फर्म करायचंय. त्या बाईंचं ट्रेनिंग झालंय, बरोबर?”

“नाही,” नलिनीताई म्हणाल्या.

“त्यांचा विभाग यादीत आहे.”

“यादीत आहे. वर्ग झाला नाही.”

आणि त्या गप्प बसल्या. खोलीत कुणी बोलेना. काहीतरी बोलून ते सावरावं, बर्फाचं सांगावं, तारखांचं सांगावं असं मला वाटत होतं. मी तोंड उघडलंही असतं, पण त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. डायरेक्टरांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते म्हणाले, “हवं तर एक दिवस घे. विचार कर. तुला कळतंय ना, याचा अर्थ तुझा प्रोग्रॅम नीट चालला नाही असा होतो?”

“विचार करायची गरज नाही. माझा प्रोग्रॅम नीट चालला नाही असं लिहा. त्या बाईंना शिकवलं नव्हतं. पुढच्या सोमवारी मी त्यांना शिकवते.”

झालं एवढंच. कुणी आवाज चढवला नाही. वकिलांनी काहीतरी टिपून घेतलं. गालिच्याचा खर्च विभागाच्या खात्यावर गेला, रोझमेरीची खुर्ची राहिली, प्रोफेसरही राहिले. त्याच आठवड्यात ऑफिसची ‘पुनर्रचना’ झाली. ट्रेनिंग नलिनीताईंकडून काढून माझ्याकडे दिलं गेलं आणि त्यांना तळमजल्यावर पगारपत्रकं तपासायला बसवलं. त्यांनीच उभं केलेलं काम. मी संतापून खाली गेलो आणि म्हणालो, ताई, मी राजीनामा देतो. त्या म्हणाल्या, “आणि वर्ग कोण घेणार? सोमवारी रोझमेरी येणार आहे. तिला नीट तालीम दे, ती लगेच हो म्हणणाऱ्यातली दिसते.” मी वर आलो आणि वर्ग घेतला. पुढची दोनेक वर्षं दुपारचा डबा आम्ही तळमजल्यावर एकत्र खायचो. त्या मला शिकवण्यातल्या खाचाखोचा सांगायच्या. डायरेक्टरांविषयी एक वाकडा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. मी मात्र भरपूर बोलायचो. पुढे डायरेक्टर बदलले, नव्या बाईंनी चौकशी केली आणि नलिनीताई पुन्हा वर आल्या. निवृत्त होईपर्यंत ते काम त्यांच्याकडेच होतं.

हा लेख लिहायचा म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी अमृताही आली होती. त्या प्रसंगाचं लिहिणार म्हटल्यावर ताई नको म्हणतील अशी माझी अटकळ होती. त्या स्वयंपाकघरात होत्या. श्रीधरराव तसे अबोल, पण त्या दिवशी तेच म्हणाले, “त्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली होती. सहा-सात महिने घरी होतो. हिच्या पगारावर घर चाललं होतं.”

मला हे ठाऊक नव्हतं. रोज शेजारच्या टेबलावर बसत होतो, त्यांच्या घरी त्याच वर्षी दिवाळीचा फराळ खाल्ला होता, आणि ठाऊक नव्हतं. श्रीधरराव पुढे म्हणाले, “मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी तिने मला विचारलं, उद्या नोकरी गेली तर आपण किती दिवस काढू शकतो. मी हिशेब करून सांगितलं, फार नाही. ती बरं म्हणाली आणि कुकर लावायला उठली.” त्याविषयी आणखी लिहीत नाही.

ताई बाहेर आल्या आणि विषय कळल्यावर श्रीधररावांना म्हणाल्या, “तुझ्या नोकरीचं कशाला सांगितलंस त्याला?” अमृता म्हणाली, “मॉम, लेट हिम राइट इट.” ताई खुर्ची ओढून बसल्या. मग मला म्हणाल्या, “लिही. पण त्या बाईचं नाव बदल.”

मी म्हणालो, “ताई, मराठी अंक आहे. ती कुठे वाचणार?”

“इथलं काय सांगावं? उद्या तिची नातसून मराठी निघाली तर? तिला अजून माहीत नाही, मुकुंद.”

“काय माहीत नाही?”

“तिची नोकरी जाणार होती हे. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सगळं वरच्या वर मिटलं. तिला वाटतं, इतरांसारखंच तिलाही सोमवारी ट्रेनिंगला बोलावलं. आता सुखाने पेन्शन घेतेय, तिला कशाला उगाच घाबरवायचं?”

रोझमेरी त्याच खुर्चीवरून निवृत्त झाली. मुलं शिकली. निवृत्तीच्या पार्टीत मी तिला नलिनीताईंविषयी विचारलं होतं. ती म्हणाली होती, चांगल्या आहेत, पण फार कडक, मला त्यांची जरा भीतीच वाटायची. त्या वेळी मी हसून सोडून दिलं.

पंच्याहत्तरी पार केलेल्या नलिनीताईंचे गुडघे यापुढेही त्यांचं ऐकोत, डोळे असेच बारीक अक्षरातल्या चुका शोधोत, आणि श्रीधररावांच्या सोबतीने त्यांना आणखी पुष्कळ वर्षं निरोगी, निवांत, आपल्या मर्जीची मिळोत, ही या अंकातल्या आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. आणि एका बाईने त्यांचे आभार कधीच मानलेले नाहीत, मानण्यासारखं काही घडलं हेच तिला माहीत नाही. ते आभार तिच्या वतीने मी इथे मानतो.