पहिली पाच लेबलं

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. बियाण्याच्या लॉटची माहिती साठवणारा आणि पिशव्यांची लेबलं छापणारा प्रोग्राम हंगामाआधी उभा राहिला, तर कायमचं पत्र. नाही तर राम राम. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच होतो.

माझ्या वडिलांची, आबांची, तीर्थपुरी गावात पिठाची गिरणी होती. माझं पत्र अजून टाइपसुद्धा झालेलं नव्हतं, पण आबांनी दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं होतं, "पोरगं कंपनीत परमनंट झालं." गिरणीत बोलायचं म्हणजे पट्ट्याच्या आवाजावर ओरडून. त्यामुळे बातमी आतल्या माणसाला सांगितली तरी बाहेर रांगेत बसलेल्या बायांपर्यंत आपोआप जायची. मी दर रविवारी घरी गेलो की लोक अभिनंदन करायचे आणि मी मान खाली घालून पाण्याच्या रांजणाकडे जायचो.

कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघंच. दुसरा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, जुन्या जालन्यातला. घरी उर्दू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. मी त्याला भाई म्हणायचो. तो मला कधीच नावाने हाक मारायचा नाही. "ओ तीर्थपुरी" म्हणायचा. पूर्वी गोदामाच्या नोंदींचं काम त्यानेच केलेलं, त्यामुळे मला शिकवण्याचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. आज मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्याचं आहे.

काम सांगायला सोपं होतं. एका लॉटची माहिती, म्हणजे वाण, लॉट नंबर, उगवण, ओलावा, शेरा, हे सगळं प्रोग्राममध्ये एका गठ्ठ्यात बांधलेलं असायचं. त्या गठ्ठ्याला ऑब्जेक्ट म्हणायचं. लाइट गेली की गठ्ठा गेला. म्हणून तो ओळीने उलगडून फाईलमध्ये लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने वाचून पुन्हा बांधायचा. याला सीरियलायझेशन म्हणतात. कॉलेजात ते परीक्षेला आलं नव्हतं, म्हणून मलाही आलं नव्हतं.

मी सगळा मजकूर एकाच हेडर फाईलमध्ये कोंबला. लिहिण्याचं काम वर कुठेतरी, वाचण्याचं खाली चार-पाचशे ओळी सोडून. वर मी आधी उगवण लिहिली आणि मग ओलावा. खाली आधी ओलावा वाचला आणि मग उगवण. दुसऱ्या दिवशी मक्याचा एक लॉट ब्याण्णव टक्के ओलाव्याचा निघाला.

उगवण तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे लॅबकाका म्हणत, ते तो कागद घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "हे बियाणं आहे का कढी?"

भाईने माझी हेडर फाईल उघडली, खाली सरकत गेला, सरकतच राहिला. मग खुर्ची मागे घेऊन म्हणाला, "ओ तीर्थपुरी, हेडर म्हंजे दुकानाची पाटी. इथं काय मिळतं ते पाटीवर लिहायचं. माल आत ठेवायचा, सोर्स फाईलमधी. तू तर ज्वारीची पोती बी पाटीवर टांगून राह्यला."

"पण चालतंय ना, भाई."

"आज चालतंय. उद्या पाटीखाली गिऱ्हाईक मरंल."

त्याने दोन दिवस माझ्या शेजारी बसून ते सगळं फोडायला लावलं. हेडरमध्ये नुसती नावं: लॉट साठवा, लॉट वाचा. प्रत्यक्ष काम सोर्स फाईलमध्ये, आणि तिथेही ही दोन्ही कामं एकाखाली एक. मग पडद्यावर एक बोट वरच्या ओळीवर आणि एक खालच्या ओळीवर ठेवून वाचायचं. वर वाण, खाली वाण. वर नंबर, खाली नंबर. "जसं भरलं तसंच काढायचं, बराबर त्याच नंबरानं," भाई म्हणायचा. पडद्यावर आमच्या बोटांचे इतके ठसे पडले की झाडणारी बाई वैतागली.

एक गोष्ट मात्र पाटीवरच टांगलेली राहिली. प्रिंटरचा कागद नीट बसलाय का हे बघायला छपाईच्या सुरुवातीला पाच नमुन्याची लेबलं निघायची. त्या पाच लेबलांची यादी मी हेडरमध्ये लिहिली होती, कारण ती पडद्यालाही लागायची आणि छपाईलाही. खऱ्या वाणांची नावं लिहायचा कंटाळा आला, म्हणून एका दुपारी मी ऑफिसची माणसं लिहिली. वाण: लॅबकाका. उगवण: साठ. शेरा: फार उशिरा उगवतात. वाण: शिपाई. शेरा: हंगामात सापडत नाही. भाई चहा पिऊन आला, वाचलं, आणि मला वाटलं आता रागावणार. तो म्हणाला, "मालक राह्यले की."

मी यादीत सगळ्यात वर लिहिलं, वाण: मालक. भाईने उभ्याउभ्याच कीबोर्ड ओढून पुढे टाइप केलं, ओलावा: शून्य. आदल्याच आठवड्यात मालकांनी खोलीला कूलर द्यायला नकार दिला होता. मग मला जोर चढला आणि मी शेरा लिहिला: पेरणीस अयोग्य. चौथं लेबल भाईचं होतं, पाचवं माझं. माझ्या लेबलावर भाईने काय लिहिलं ते इथे सांगत नाही.

महिनाभर आम्ही ती लेबलं कोऱ्या कागदावर छापून हसलो आणि फाडून टाकली.

मालक प्रोग्राम बघायला येणार, असा निरोप एका सकाळी आला. मी लगेच हेडर उघडलं, माणसं पुसली आणि त्या जागी कापूस, मका, बाजरी, ज्वारी, तूर लिहिलं. आता कंपाईल करायचं, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवायचं, तेवढं राहिलं. इथे आमच्या खोलीची एक रीत सांगायला हवी. सगळा प्रोग्राम पहिल्यापासून कंपाईल करायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागायचा, आणि जालन्याची लाइट तेवढा वेळ थांबेल याचा भरवसा नसायचा. मध्येच गेली की मुसळ केरात. म्हणून ज्या फाईलला हात लावला तेवढीच कंपाईल करायची, हा आमचा नियम. इतर दिवशी तो ठीकच होता. पण हेडरला हात लावला की ती पाटी वाचणारी प्रत्येक फाईल पुन्हा करावी लागते, हे भाईने मला सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं, आणि त्या सकाळी मी पडद्याची एक फाईल तेवढी केली. पडद्यावर कापूस, मका, बाजरी झकास दिसले. छपाईच्या फाईलला मी हात लावला नव्हता. तिच्या पोटात जुनी पाटी तशीच होती.

मालक आले, सोबत लॅबकाका. मी दहा लॉट भरले, कॉम्प्युटर बंद केला, मालकांच्या सांगण्यावरून वायरसुद्धा उपटली, पुन्हा लावली. दहाही लॉट जसेच्या तसे परत आले. ओलावा ओलाव्याच्या जागी, उगवण उगवणीच्या जागी.

"सगळं बरोबर आलं?" मालकांनी लॅबकाकांना विचारलं.

"हो. कढी झाली नाही ह्या खेपेला."

मालक हसले. मला तीर्थपुरीच्या गिरणीचा पट्टा एकदम सुरळीत फिरताना दिसू लागला. मालक उठता उठता म्हणाले, "एक लेबल काढून दाखवा की. हातात घेऊन बघू."

प्रिंटर करवतीसारखा ओरडत सुरू झाला. पहिलं लेबल बाहेर आलं तसा भाई माझ्याकडे बघायला लागला आणि मी भिंतीकडे. मालकांनी लेबल फाडून घेतलं. चष्मा आणला नव्हता म्हणून लॅबकाकांकडे दिलं. लॅबकाकांनी, बियाण्याचा कागद जसा आयुष्यभर वाचत आले तसाच, खणखणीत आवाजात वाचला.

"वाण, मालक. उगवण, पंचेचाळीस. ओलावा, शून्य. शेरा, पेरणीस अयोग्य."

लॅबकाकांच्या हातात दुसरं लेबल आलं, ते त्यांनी मनात वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"साठ टक्के?" ते माझ्यावर ओरडले. "कुणी काढली? चारशे दाण्यांची चाचणी केली का? शंभर-शंभरचे चार भाग लावले का? अंदाजे उगवण लिहायची पद्धत आहे का आपल्याकडे?"

"न्हाई, काका."

"मग!"

मालकांनी विचारलं, "ओलावा शून्य कुणी लिहिला?"

मी तोंड उघडायच्या आत भाई म्हणाला, "मी लिहिला, साहेब."

"का?"

"कोरडा माल टिकतो, साहेब. लई वर्षं टिकतो."

मालकांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं की काय हे ओळखण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती. "आणि पेरणीस अयोग्य?"

"ते मी, साहेब," मी म्हणालो. मग मी खरं तेच सांगितलं: हेडर बदललं, पण छपाईची फाईल पुन्हा कंपाईल केली नाही. मालकांना त्यातलं काहीच कळलं नसावं. त्यांनी लॅबकाकांना विचारलं, "एखादा लॉट चाचणीत नापास झाला तर आपण काय करतो?"

"फेरतपासणी."

"किती दिवसांनी?"

"ह्याला महिना द्या," लॅबकाका म्हणाले. त्यांच्या हातात साठ टक्क्यांचं लेबल अजून होतं.

ते दोघं गेल्यावर भाईने पंखा मोठा केला आणि म्हणाला, "बस. पहिल्यापासून सगळं कंपाईल कर. मी लाइटला धरून बसतो."

रविवारी गावी गेलो. गिरणी चालू असताना ही गोष्ट सांगणं म्हणजे ती गावाला सांगणं, म्हणून पट्टा थांबेपर्यंत मी पोत्यावर बसून राहिलो. मग हळू आवाजात सांगितलं, की काम झालंय, पण पत्र एक महिना पुढे गेलंय, आणि चूक माझीच आहे.

आबांनी आधी बाहेर डोकावून पाहिलं. मग तेही हळू बोलले. त्यांना तसं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मी तर पेढे वाटून बसलो."

"माहीत आहे, आबा."

"मंग एक कर. महिनाभर गावात येऊच नको. कोणी इचारलं तर सांगतो, परमनंट माणसाला सुट्टी न्हाई मिळत."

मी पाच वाजताच्या एसटीने परत गेलो. महिनाभर जालन्यातच राहिलो, रोज सगळा प्रोग्राम पहिल्यापासून कंपाईल केला, दोनदा लाइट गेली तर दोनदा पुन्हा केला. फेरतपासणीला लॅबकाका एकटेच आले, पाचही लेबलं उन्हात धरून वाचली आणि "चालेल" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. ते शर्टाच्या आत ठेवून मी त्याच संध्याकाळी तीर्थपुरी गाठली आणि एसटीतून उतरून सरळ गिरणीवर गेलो.

दारात दळणाचा डबा घेऊन शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पट्ट्याच्या आवाजावर ओरडल्या, "अगं बया, सुट्टी न्हाई म्हणत होते ना तुझे आबा? काढून टाकलं का काय रे तुला?"