दादाचं चौदा किलो वजन

दादा बारीक होत होता आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

सुधीरदादा. माझा मोठा भाऊ, वय एकावन्न. धायरीत टू-व्हीलरचं गॅरेज.
इतर मेकॅनिकांनी ज्यापुढे हात टेकले तो जॅम नट त्याच्याकडे यायचा. दादा पाना लावायचा, ओठ आवळायचा, आणि नट सुटायचा.

किडनी स्टोनसाठी सोनोग्राफी केली, त्यात फॅटी लिव्हर निघालं.
"मी आयुष्यात बिअरसुद्धा प्यायलो नाही," दादा म्हणाला.
शेजारचे काका म्हणाले, "असं सगळेच म्हणतात."

दादा हसला. रिपोर्ट कपाटात गेला.

तीन वर्षांनी शुगर निघाली. पुन्हा टेस्ट. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लिव्हर कडक व्हायला लागलंय, वजन कमी करा.

दादा घाबरला. इतका, की त्याने जेवणच सोडलं.

सकाळी दुधीचा रस. दुपारी ताक, काकडी. संध्याकाळी अर्धी भाकरी.
डाळ आणि पनीर लिव्हरला जड असतं असा कुठलातरी फॉरवर्ड आला होता, म्हणून तेही बंद.
डॉक्टरांकडे परत गेलाच नाही. "अजून पाच किलो उतरवतो, मग जातो."

सात महिन्यांत चौदा किलो.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात जो तो त्याला विचारत होता, "काय सुधीर, कुठलं डाएट?"
मी त्याचा जुना आणि नवा फोटो शेजारी-शेजारी लावून इथेच, याच प्रोफाइलवर पोस्ट टाकली. "प्राउड ऑफ यू, दादा." तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हार्ट दिले होते.

नव्या फोटोत त्याचं पोट तसंच होतं. हातपाय तेवढे काडीसारखे झाले होते.
ते कुणालाच दिसलं नाही. मलाही नाही.

पुढच्या आठवड्यात मी स्कूटर सर्व्हिसिंगला घेऊन गेले. दादा ती मेन स्टँडला लावायला गेला.
लागेना.
पुन्हा पाय दिला. स्कूटर त्याच्याच अंगावर कलली. मी धावत जाऊन धरली.
"स्टँड गंजलंय तुझं," तो म्हणाला.
मी एका झटक्यात लावून दाखवलं. तसं करायला नको होतं.
तो माझ्याकडे बघेचना.

दुसऱ्या दिवशी मी आणि अनितावहिनी त्याला जवळजवळ ओढतच लिव्हरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फाइल बाजूला ठेवून म्हणाल्या, "हात छातीवर घ्या. आता न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा."

एकदा उठला.
दुसऱ्यांदा उठला, पण मांड्या थरथरत होत्या.
तिसऱ्यांदा अर्ध्यावर गेला आणि धपकन खाली बसला.


"परत करू का?" दादाने विचारलं. आवाज इतका लहान झाला होता त्याचा.

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची चरबी फारशी गेलेली नाही. स्नायू गेलेत."

वहिनी भडकल्या. "अहो, वजन कमी करा असं तुम्हीच लोक सांगता ना?"
"सांगतो. उपाशी राहा असं नाही सांगत."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. जेवणातली साखर बरीचशी स्नायू वापरतात. ते झिजले की साखर रक्तात राहते, लिव्हरवरची चरबी वाढते. आणि लिव्हर थकलं, वर पोटात अन्न नाही, की शरीर स्नायूच मोडून खायला लागतं.
"दोघं एकमेकांना खाली ओढतात. आपल्याला हे आत्ता थांबवायचंय."

घरी येताना रिक्षातच मी ती पोस्ट डिलीट केली.

आमच्या शुद्ध शाकाहारी घरात वहिनींनी पहिल्यांदा अंडी उकडली, नाकाला ओढणी लावून. डाळ, पनीर परत सुरू झालं. झोपण्याआधी थोडं खाणं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, दिवसातून दोनदा.
दादा कुरकुरायचा, पण करायचा.
दीड महिन्याने वहिनींचा फोन आला. त्या अक्षरशः ओरडत होत्या, "मीनल, हे आज चार वेळा उठले!"

पाचव्या वेळेपर्यंत आम्ही पोचलो नाही.

चारच दिवसांनी, सकाळी, बाथरूममध्ये पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण छातीत इन्फेक्शन झालं.
"त्यांच्या अंगात राखीव असं काही उरलेलं नाही," आयसीयूतले डॉक्टर म्हणाले.
कफ काढायला खोकावं लागतं, आणि खोकायलाही ताकद लागते, हे मला तिथे कळलं.

फॅटी लिव्हर असलेल्या सगळ्यांचं असं होत नाही. बहुतेक जण वेळेवर सावरतात. दादालाही वेळ होता. तो आम्ही कौतुकात घालवला.
घरातलं कुणी झपाट्याने बारीक होत असेल तर प्लीज, आधी डॉक्टरांना दाखवा.

शेवटच्या दिवशी मला दहा मिनिटं आत सोडलं. बाहेर सकाळपासून पाऊस होता. दादाने मास्क थोडा बाजूला केला.
"खडकवासला धरण भरलं का गं?"
"भरलं. पाणी सोडलंय."
"मग घरी जाताना नदीपात्रातल्या रस्त्याने जाऊ नकोस. लांबून जा."
"बरं."
"नक्की?"
"नक्की. मास्क लाव आधी."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. पहाटे तो गेला.

दादा, मी लांबूनच गेले होते.

तुझ्या धाकटीचा तुला नमस्कार.