पाचवा पंच

सरपंच झाल्यावर पहिल्याच दिवशी बयाबाईने ग्रामसेविका उत्कर्षाला विचारलं, "पोरी, पंचायत म्हंजे काय गं?"

"पंच म्हणजे पाच. पाच जाणत्यांची बैठक, ती पंचायत."

"पाचच लागत्यात?"

"जुनी रीत तशी. आता आपले सदस्य नऊ आहेत."

बयाबाईने बोटांवर पाच मोजले. मुलगा नव्हता म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या चितेला तिनेच अग्नी दिला होता. तेव्हा आष्ट्याजवळच्या या गावात तिच्या चुलत सासऱ्याने, नानासोने, बैठक बसवली आणि ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणत तिला वाळीत टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात सासू साळूबाई गेली, तर खांदा द्यायला एक माणूस आला नाही. बयाबाईने म्हातारीला बैलगाडीत घातलं आणि कासरा स्वतः धरला.

वाळीत टाकणाऱ्या त्या बैठकीला माणसं चारच होती. पाचवा लोणंदला लेकीकडे गेलेला, त्याच्या जागी घोंगडीवर नुसता फेटा ठेवला होता. हे तिने पाहिलं होतं. चार पुरत नाहीत, हे मात्र आज कळलं.

चौघांतला नानासोच उरला होता. माजी फौजी, वय चौऱ्याऐंशी. नोव्हेंबरात तो कार्यालयात आला. झिजलेला अंगठा बँकेच्या यंत्रावर उमटेना. पेन्शनसाठी सरपंचाच्या सहीचा हयातीचा दाखला हवा होता.

"मी जित्ता हाय, एवढं लिवून दे."

"देते की. ग्रामसभेला या."

सभेत तिने सगळ्यांदेखत विचारलं, "मामंजी, त्या बैठकीत पाचवा कोन हुता?"

काठी टेकत तो उठला. "कोन न्हवता. फेटा हुता."

"मागं बायकास्नी ऐकू न्हाई आलं. परत सांगा."

त्याने परत सांगितलं. उत्कर्षाने ते इतिवृत्तात लिहिलं आणि दाखला पुढे सरकवला. "मावशी, करा आता सही."

"मानूस जित्ता का मेला, ह्ये मी एकली कसं ठरवू? पाच जनांच्या सह्या आनू द्यात."

"असा नियम नाही, मावशी."

"नियम न्हाई गं. रीत हाय."

नानासो कागद घेऊन भर उन्हात निघाला. पहिल्याच दारात त्याला ‘मी जित्ता हाय’ हे दोनदा सांगावं लागलं. बयाबाई खुर्ची खिडकीशी ओढून तो तिसऱ्या दारी पोचेपर्यंत बघत राहिली.

"उत्कर्षा, चहा सांग," ती म्हणाली. "साखर जरा जास्त टाकाय सांग."